कमरेएवढं कपाट

"थांबा! पाय खाली ठेवू नका!"

माझ्या ओरडण्याने तो दारातच थिजला. खांद्यावर लांबलचक फळी, एक पाय हवेत. त्या पायाखाली आमचा गोबऱ्या पालथा पडून मुंगी न्याहाळत होता.

"किती वेळ असाच उभा राहू?"

"मुंगी जाईपर्यंत."

तो हसला. ते हसू मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. एका हाताने गोबऱ्याला उचलत होते आणि डोळे उरलेल्या सोळांवर होते.

मी बालवर्गाची ताई. तीन वर्षांची सतरा मुलं माझ्या ताब्यात. पाठ भिंतीला, तोंड वर्गाकडे, आणि मनातल्या मनात सतत मोजणी. गोंगाट असेल तर निवांत बसावं. शांतता पसरली की धावावं, हे या धंद्यातलं शहाणपण.

तो सुतार होता. शाळेच्या मालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी बोलावलेला. सोमवारी नवे पालक शाळा बघायला येणार होते, म्हणून वर्गाच्या मधोमध एक उंच कपाट आणि त्याच्यामागे बाहुल्यांचा कोपरा हवा होता. मुलं घरी गेल्यावर काम करू द्या म्हटलं, तर तेवढा वेळ नाही म्हणाल्या.

"कपाटामागचं मूल मला दिसणार नाही, बाई."

"दिसलं नाही तर काय विरघळून जातंय? आणि फार हट्ट केलात तर ताया काय, पैशाला पासरी मिळतात."

मी मुलांकडे वळले. पण पटलं म्हणून नव्हे, बरं का.

सुतार तीन दिवस येत होता. वर्गाला ओल्या लाकडाचा वास लागला. मुलांना तो आवडला, आणि मुलांची चव सहसा चुकत नाही… हे मी स्वतःशीसुद्धा हळूच बोलले.

"तुम्ही माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघत नाही का हो?" त्याने एकदा विचारलंच.

"तीन फुटांपेक्षा उंच माणसाकडे नाही."

"मग गुडघ्यावर चालत येऊ?"

"या. डबा खायच्या आधी हातही धुवावे लागतील."

आमच्याकडे एक रीत होती. मला बाहेर पाऊल टाकायचं असेल तर मी मदतनीस मावशींना हाक मारायची, "सतरा दिली!" त्यांनी एकेक डोकं मोजायचं आणि म्हणायचं, "सतरा घेतली!" तोवर उंबरठा ओलांडायचा नाही.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने कपड्यांवर उलटी केली. तिला उचलून मी हाक मारली, "मावशी, सोळा दिली!" मावशी मोरीत होत्या. मागून सुताराचाच आवाज आला, मावशींची नक्कल करत, "सोळा घेतली!"

माझं एक पाऊल बाहेर पडलं होतं. दुसरं उचलवेना. वळले. मोजली. एक कमी.

अर्ध्या उभ्या कपाटामागे गोबऱ्या बसला होता. मुठीत स्क्रू, आणि एक ओठांत. मी बोट घालून तो काढला.

"गंमत केली हो…" सुताराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"न मोजता 'घेतली' म्हणायचं नाही. कधीच नाही. उचला तुमचा डबा."

त्याने स्क्रूचा डबा उचलला. मग माझ्या खुर्चीवर, त्या वीतभर खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसला आणि वर्गाकडे बघू लागला. बराच वेळ.

"इथून कपाटामागचं काय दिसतं?" मी विचारलं.

"कपाट," तो म्हणाला. आणि मान खाली घातली.

सोमवारी सकाळी दार उघडलं, तर कपाट माझ्या कमरेला लागत होतं! वरचा भाग कापून त्याने भिंतीलगत बैठे खण केले होते. कडा घासून गोल. तो शेजारीच भुसा झाडत होता. रविवारभर एकटा राबला असावा; डोळे लाल होते.

मागोमाग मोठ्या बाई आल्या. "कुणी कापलं हे?"

"मी सांगितलं," मी म्हटलं.

"खोटं बोलतायत. मी आपल्या मनाने कापलं," तो म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका!"

"तुम्हीच पडू नका, ताई. करवत माझी आहे."

"पण डोकं माझं होतं ना!"

"पुरे!" बाई कडाडल्या. "ताई, उद्यापासून यायचं नाही."

घाबरले, खरं सांगते. हे काम गेलं असतं तर मी दिवसभर काय मोजलं असतं? पण तोंडाने मात्र ऐकलं नाही.

"लेखी द्या. कारणही लिहा. मुलं डोळ्यासमोर राहावीत असा हट्ट धरला म्हणून काढलं, असं. मी ते पालकांना वाचून दाखवते."

"काय वाचून दाखवायचंय?" दारातून एका आईने विचारलं. कडेवर मूल, मागे आणखी चार-पाच पालक.

मोठ्या बाईंनी पालकांकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. त्या माउलीने मूल खाली सोडलं. ते तुरुतुरु कपाटामागे गेलं आणि तिला तिथूनच हात करू लागलं.

"इथून दिसतो हं तो," आई म्हणाली. "बरं केलंत."

"आम्ही… मुद्दामच कमी उंचीचं घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "रंग द्यायचा राहिलाय. ताई, तेवढं बघून घ्या," आणि पालकांना घेऊन पुढच्या वर्गात निघून गेल्या.

मी भिंतीला टेकले. एव्हाना माझी मुलं आत आली होती. मोजली, सतरा. पुन्हा मोजली.

"रंगाचं काम एका दिवसाचं आहे," सुतार हळूच म्हणाला. "पण मी… आठवडा लावणार होतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर… मला विचारायचं होतं की—"

"आत्ता नाही. चार वाजता शेवटचं मूल आईच्या हातात गेलं की मी मोकळी."

"मग चारनंतर विचारू?"

"चारनंतर मी बोलणार आहे. तुम्ही मला आवडता, घरच्यांनी नाकं मुरडली तरी मला तुमच्याशीच लग्न करायचंय, असं सांगणार आहे. आणि मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि थेट खाली, मुलांच्या सतरंजीवर बसून राहिला.