नत्थूजींचा निळा तारामासा

"सांगून ठेवतो, यावर तुमचाच काय, तुमच्या बापाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणूनच नत्थूजी ढोमणे तोंड उघडत, आणि अकोल्याच्या लोकांनी ही सूचना इमानानं पाळायची सवय लावून घेतली होती. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत जन्म घालवलेल्या या माणसानं काटेपूर्णा धरणातले मासे उन्हाळ्यात खोकताना ऐकले होते. एका मगरीला तर त्यांनी तोटी बंद करायला शिकवलं होतं. त्यामुळे "माझ्या घरचा तारामासा खराखुरा आहे, जिवंत आहे" असं ते सांगू लागले तेव्हा लोक नेहमीसारखेच हसले. पंचाईत अशी, की या एका बाबतीत म्हातारा खरं बोलत होता.

समुद्राचं पाणी तापत गेलं, प्रवाळं पांढरी पडली आणि निळा तारामासा समुद्रात दिसेनासा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. जे थोडे उरले होते ते हौशी लोकांच्या काचपेट्यांत. मग एक संगोपन कार्यालय निघालं. ज्याच्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी, त्याला एकेक तारामासा सांभाळायला मिळाला आणि दारावर 'पालक' अशी निळी पाटी लागली. पाटीवाल्या घराला सोयरिकीच्या बाजारातही वजन आलं.

जीव मात्र महानाजूक. त्याला मेंदू नाही, रक्त नाही. अंगातून समुद्रच खेळवतो. भोवतालच्या पाण्याचा खारटपणा एकदम बदलला की भुजेचं टोक पांढरं पडतं, मग भुजा गळते, मग सगळा जीव भिजलेल्या साबणासारखा विरून जातो. त्यात अकोल्याचं ऊन! पेटीतलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, तेही बाळाला औषध पाजावं तसं. बायको गेल्यापासून नत्थूजींचा दिवस या कामात जाई. दगडांवरचं शेवाळ खरवडायचं नाही, कारण तेच त्याचं जेवण. कूलरचं तोंड पेटीकडे, आपण घामात. एवढं करूनही त्यांच्या निळीची, आपल्या तारामाशाला ते निळीच म्हणत, एक भुजा कायम आखूडच.

आणि इतर पालकांचे तारे? एकेक म्हणजे लग्नातला नवरदेव! टोकं शाबूत, रंग झगझगीत. नत्थूजींच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

निवृत्त प्राध्यापक देवताळे सरांकडे पालक मंडळाची दुपारची बैठक होती. सरांचा तारा काचेवरून दिमाखात चढत होता, नत्थूजी मगरीच्या गोष्टीवर आले होते, आणि लाइट गेली. पंखा थांबला. पेटीतला पंपही थांबला. आणि तारासुद्धा थांबला, एक भुजा उचललेल्या अवस्थेत, पोलिसानं रहदारी अडवावी तसा. लाइट आली तेव्हा भुजा खाली आली आणि स्वारी पुढे निघाली. नत्थूजींनी मंडळाकडे पाहिलं. मंडळातला प्रत्येक जण छताच्या पंख्याकडे अशा कौतुकानं बघत होता, जणू पंख्याचा शोध आताच लागला होता.

बाकीचे गेल्यावर त्यांनी सरांना दारातच गाठलं. "सर, तुमचा तारा लाइट गेली की झोपतो काय?"

"हळू बोला हो!" सरांनी दार लोटलं. "छद्मतारा आहे तो. आत मऊ यंत्र आहे, पेटीच्या बुडातून वीज घेतं. खरा कधीच गेला. मी काय कमी केलं त्याच्यासाठी? पण पाटी उतरवायची म्हटलं की ही जेवेना."

"अन् बाकीच्यांचे?"

"मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. बरं, तुमचा कुठून मागवला? ती आखूड भुजा फार झकास जमली आहे. अगदी खरी वाटते."

"माझा खराच आहे!"

"नत्थूजी," सर दुखावल्यासारखे म्हणाले, "आता माझ्यापाशीसुद्धा?"

नत्थूजी तडक घरी निघाले, आणि वाटेत त्यांना भलतंच भय वाटलं. आपल्याला तरी खरा मिळाला होता कशावरून? घरी शिरल्या शिरल्या त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि पेटीसमोर बसले. निळी दगडावर पसरली होती, हलेना. पंप बंद, म्हणून ते लोट्यानं पाणी उचलून वरून धार धरत राहिले, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. लोट्याचा हात भरून आला तेव्हा आखूड भुजेचं टोक जरासं वळलं. मग तिच्या पोटाखालचे केसाएवढे पाय एकामागून एक हलू लागले. "आहेस ना बाप्पा," म्हातारा पुटपुटला आणि स्विच वर केला.

थोड्याच आठवड्यांत संगोपन कार्यालयाच्या रेश्मा तडवी आल्या. वय पस्तिशीच्या आत, चपला धुळीनं माखलेल्या, हातात झाकणाची बादली आणि खरा-नकली ओळखायचं एक चपटं यंत्र. घरोघरचे तारे परत गोळा करायचा हुकूम निघाला होता. देवताळे सरांनी फोनवर नत्थूजींना आधीच सावध केलं होतं, "खरा सापडला तर कापतात म्हणे!"

"बसा मॅडम. चहा घ्या."

"नको काका. आधी तारा दाखवा."

"कापायला पाहिजे का?"

रेश्मांनी बादली खाली ठेवली. "एक भुजा घ्यावी लागते. तिच्यातून नवा तारा उगवतो. असे वाढवून परत समुद्रात सोडायचे, थंड पाण्याच्या जागा शोधल्या आहेत. पण त्यासाठी एक तरी खरा हवा ना! मी सगळा जिल्हा पालथा घातला. जिथं जाते तिथं रबर. तुमचं शेवटचं घर."

"अन् याआधी तुम्हाला खरे मिळालेच नाहीत?"

"दुसऱ्या जिल्ह्यात मिळाले होते."

"जगले?"

बाईंनी बादलीकडे पाहिलं. "नाही. केंद्रावर पोचेपर्यंतच गेले."

नत्थूजींनी बाईंकडे डोळे बारीक करून पाहिलं. खरं बोलते की गोड बोलून काम काढते? खरं असेल तर जास्तच वाईट. निळी दिली तर रस्त्यातच विरघळणार. नाही दिली तर आपल्यामागं या पेटीत चमच्यानं पाणी कोण घालणार? दोन्ही बाजूंनी विहीर. आणि जन्मभराच्या सवयीनं जीभच पुढं धावली.

"मॅडम, तुमची फुकट खेप झाली. माझाही नकलीच आहे."

"खरंच?"

"कोणालाही विचारा. साऱ्या अकोल्याला ठाऊक आहे."

"हो, सगळे तसंच म्हणाले," रेश्मा म्हणाल्या. त्यांनी चपटं यंत्र उघडलं, कपाळाला आठी घातली आणि परत मिटलं. "याची बॅटरी गेली. असू दे. नकली तारेसुद्धा जमा करायचे आहेत. टाका या बादलीत."

नत्थूजींनी बादलीचं झाकण उचललं. "बादलीत पाणी कुठलं?"

"केंद्रावरचं, खारंच आहे. टाका ना, यंत्राला काय होतंय?"

आता माघार नव्हती. नत्थूजींनी भगोणं पेटीतच बुडवलं, निळीला बोटानं हलकेच त्यात सरकवलं आणि तिला वारा न लागू देता पाण्यासकट वर काढलं. भगोणं बादलीशेजारी जमिनीवर ठेवलं. "दोन मिनिटं हं," म्हणत ते आत गेले आणि एक बारीक पारदर्शक नळी घेऊन आले. बादली स्टुलावर चढवली. नळीचं एक टोक बादलीत सोडलं, दुसरं तोंडानं ओढून भगोण्याच्या काठाला बांधलं आणि नळीवरचं चाक फिरवलं. नव्या पाण्याचा थेंब भगोण्यात पडला. मग थांबून दुसरा.

"हे काय करताय?" रेश्मांनी विचारलं.

"काही नाही हो. एकदम नवं पाणी लागलं की याच्या स्प्रिंगा गंजतात. जपानी माल आहे. कंपनीनंच बजावलंय, पाणी हळूहळू बदला, नाहीतर गॅरंटी बाद. मागं एकानं घाई केली, तर यंत्र शिंकायला लागलं. सांगतो, तुमचा विश्वास बसणार नाही..."

"हं. अन् किती वेळ चालतं हे?"

"संध्याकाळ होईल. तुम्ही जा, मी उद्या आणून देतो."

बोलता बोलता त्यांनी चाक जरासं आवळलं, कारण निळीनं एक भुजा आत घेतली होती. थेंब मंदावला. भुजा परत सैल झाली तेव्हा कुठं नत्थूजींचे खांदे खाली आले. रेश्मा थेंबांकडे बघतच नव्हत्या, म्हाताऱ्याच्या खांद्यांकडे बघत होत्या. त्यांनी चपला काढून बाजूला सारल्या आणि भगोण्यापाशी मांडी घालून बसल्या.

"खोटं!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि आपल्या बादलीकडे अन् पडणाऱ्या थेंबाकडे आळीपाळीनं बघू लागल्या. "धडधडीत खोटं बोलताय काका. यंत्राला कोणी सलाईन लावतं का?"