टाचण वहीचं शेवटचं पान

"अहो ताई, निलोफर बाईंची शाळा... हाच रस्ता ना?"

पौडच्या पुढे, फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली स्कूटी लावून मी सर ओसरायची वाट बघत होते. ऑगस्ट महिना. समोरची भातखाचरं पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि त्या पावसातून हा माणूस चालत आलेला. छत्री उलटी झालेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं. शर्टाच्या आतून मात्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली, उलटसुलट करून बघितली आणि सुटकेचा श्वास सोडला. वही कोरडी होती.

"हाच रस्ता," मी म्हणाले. "बाईंकडे काय काम?"

"शिकायला आलोय."

"कितवीत आहात?"

तो हसला. हसताना त्याच्या पापण्यांवरचं पाणी गालावर आलं. "पहिलीत. म्हणजे... पहिली मिळालीय वो मला. दहा वर्षं उदगीरकडं सातवीला गणित शिकवलं. बदलीनं इकडं कासारसाईच्या बाजूला आलो, तर हातात पहिली! तीन पोरं रडतेत, दोन पळतेत, एक माझ्या मांडीवर झोपतंय. कुणाला विचारावं तर एकच उत्तर, निलोफर बाईंना विचारा. शेवटी रजा टाकून निघालो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फार म्हाताऱ्या आहेत का त्या? रागीट?"

"दात नाहीत," मी म्हणाले. "पण चावतात."

तो तसाच पावसात पुढे निघून गेला. अर्ध्या तासाने, सर ओसरल्यावर मी वर्गात शिरले, तेव्हा तो माझ्या सव्वीस मुलांच्या मध्ये मांडी घालून बसला होता. मुलं एका सुरात ओरडली, "बाई आल्या!" त्याने दाराकडे बघितलं, मग माझ्या मागे कुणी म्हातारी येतेय का ते बघितलं... आणि मग त्याचे कान लाल झाले.

"दात दाखवू?" मी विचारलं.

त्याचं नाव मतीन.

*

शिक्षक नसलेल्यांना टाचण वही ठाऊक नसते. उद्याचा पाठ कसा घ्यायचा, ते शिक्षक त्यात लिहून ठेवतो. पाठाचा क्रमांक, विषय, उद्दिष्ट, साहित्य, विचारायचे प्रश्न. आणि पानाच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. तिथे मुख्याध्यापक 'पाहिले' लिहून सही करतात आणि विसरून जातात. मतीन सरांनी पहिल्याच दिवशी ती कोरडी वही माझ्यापुढे ठेवली.

"शेरा तुम्ही द्या. खरा."

मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की घोटावड्यावरून मोटारसायकल हाणत तो पौडला यायचा. बाजारात माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. निम्म्या तालुक्याचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवले जातात. दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही बसायचो. वही मध्ये. दोन कप चहा. बाजारातलं कुणीही बघून जाऊ शकेल, असं सगळं सरळ.

पाठ क्रमांक नऊ. साहित्य: चिंचोके. मी शेऱ्यात लिहिलं, 'मोजायला दिलेत की खायला?' पुढच्या शनिवारी त्याखाली त्याचं बारीक अक्षर: 'मोजायलाच. भाजलेले नव्हते म्हणून वर्ग नाराज.'

सप्टेंबरात एक दिवस आमचे मुख्याध्यापक चंद्रकांत गुरुजी यांनी मला त्याच्या शाळेवर धाडलं. मी मागे बसले. त्याने मुलांना विचारलं, "फळ्यावर कोणतं चित्र आहे?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "बरोबर, बदक!" पहिल्या रांगेतली आरोही नावाची चिमुरडी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आमचं सर लई घाई करत्यात."

त्या दिवशीचा माझा शेरा होता, 'प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजा. मूल गप्प असतं तेव्हा ते विचार करत असतं. त्याचं उत्तर हिसकावून घेऊ नका.'

ते वाचून त्याने बोटांवर पाच मोजून बघितले. मग म्हणाला, "मोठ्या माणसांसाठी पण पाचच?"

"मोठ्यांना जास्त लागतात," मी म्हणाले, आणि उगीचच चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

ऑक्टोबरात त्याचा वर्ग वाचू लागला. वाऱ्यावर आंबेमोहराचा वास येऊ लागला. आणि त्याच्या शर्टाचं बटन दर शनिवारी तुटू लागलं.

"पोरी," एकदा तो गेल्यावर अब्बा मशीन थांबवून म्हणाले, "त्या सरांचं एकच बटन दर शनवारी तुटतंय. माझा दोरा कच्चा हाय, का दुसरंच काय?"

"अब्बा!"

"मी दोऱ्याचं इचारतोय," अब्बा म्हणाले, आणि गालात हसत त्यांनी पुन्हा पायडल मारलं.

*

नोव्हेंबरात गुरुजी मोबाइलवरचं परिपत्रक मोठ्याने वाचत वर्गात आले. तालुक्यात यंदा एक नवं पद होतं, मार्गदर्शक शिक्षक. चार दिवस आपलाच वर्ग, आणि एक दिवस नव्या शिक्षकांच्या शाळेत जाऊन त्यांना हात धरून शिकवायचं. दर्जा वरचा. वर्ग सोडायचा नाही.

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तेरा वर्षांत दोनदा माझं नाव पदोन्नतीच्या यादीत आलं होतं, आणि दोनदा मी नाही म्हणाले होते. कारण आमच्याकडे वर जायचं म्हणजे वर्गाबाहेर जायचं. खुर्ची, टेबल, माहितीचे तक्ते. लोकांना वाटायचं, हिला पुढे जायचंच नाही. यंदा तिसऱ्यांदा नाव आलं होतं, दुसऱ्या तालुक्यासाठी, आणि नियमाने तिसऱ्यांदा नाही म्हणता येत नव्हतं. हे नवं पद मिळालं, तरच माझी पहिली माझ्याकडे राहणार होती.

"पुढचं ऐक," गुरुजी म्हणाले. "सहकाऱ्यांना केलेल्या मार्गदर्शनाचा लेखी पुरावा जोडावा."

मला हसूच आलं. कडू. "गुरुजी, तेरा वर्षं माणसं आली, चहा प्यायली, शिकून गेली. चहाच्या कपांचा पुरावा कुठून आणू?"

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "त्या कासारसाईच्या सरांच्या वहीत चहाचे डागच आहेत का फक्त?"

अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. मी अर्ज लिहिण्यात गुंतले आणि वहीसाठी त्याला फोन नेमका शुक्रवारी दुपारी लावला. "सर, तुमची टाचण वही घेऊन आजच्या आज पंचायत समितीजवळ या. मला ती फार म्हणजे फार—" आणि रेंज गेली. त्याच्या शाळेकडे, धरणाच्या बाजूला, ती असते किती, नि जाते किती.

पावणेपाचला तो आला. तीच प्लास्टिकची पिशवी. चेहरा असा, जणू त्याचाच निकाल लागणार होता.

"तुम्ही मागितलीत... बरं झालं. आठ दिवस हिंमत होत नव्हती. शेवटचं पान एकटीनं वाचा." आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत मोटारसायकल वळलीसुद्धा.

मुलांच्या वाचनाचा तक्ता असेल, असं मला वाटलं. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी पळत जाऊन अर्ज दिला, वही जोडली, पोच घेतली.

*

दुसऱ्या दिवशी शनिवार. तो आला, आणि त्याची सगळी बटनं जागच्या जागी होती.

"वाचलंत?" त्याने बाकाच्या कडेवर बसत विचारलं.

"काय?"

"वही."

"ती कुठाय माझ्याकडे? अर्जाला जोडली. जमा केली की काल!"

"कुठं?"

"पंचायत समितीत."

समोरच्या भजीवाल्याच्या कढईत काहीतरी चुर्र झालं. मतीन सरांचा चेहरा उतरला.

"मॅडम... तो शेवटचा पाठ, पाठ नव्हता वो."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. आणि मला सगळं कळलं.

"कळतंय का तुम्हाला काय झालंय? तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम कागदावर बघणार होतं. आता काय बघतील? बाईंकडे सर का येत होते, ते!"

"मी आत्ता जातो. सांगतो, चूक माझी आहे. पान काढून—"

"पानांना क्रमांक आहेत. एक पान गेलं तर सगळ्या वहीवर शंका येईल." माझा आवाज फुटला. "विचारायचं तरी होतंत ना, वही कशाला हवी म्हणून! पाच मोजायला काय झालं होतं?"

तो उठला. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी रागावले होते. खरंच. आणि त्या रागाच्या आत कुठेतरी, माझी मलाच लाज वाटावी असं काहीतरी गोड सळसळत होतं... त्याने काय लिहिलं असेल? तालुक्यातल्या अधिकाऱ्यांना ठाऊक, आणि मला नाही!

पुढचा शनिवार आला. बाक रिकामा.

"आज बटन तुटलं न्हाई वाटतं," अब्बा म्हणाले. त्यांनी मुकाट्याने माझ्यापुढे चहा ठेवला. एकच कप.

*

मुलाखत गटशिक्षणाधिकारी साधना मॅडम घेणार होत्या. तालुक्यात सगळे त्यांच्या लाल पेनाला घाबरायचे. मी आत गेले, तेव्हा ती वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"दोनदा पदोन्नती नाकारलीत," त्या वर न बघता म्हणाल्या. "महत्त्वाकांक्षा नाही?"

"आहे, मॅडम. माझ्या वर्गातलं एकही मूल वाचता न येता दुसरीत जाऊ नये. मला ती लहान वाटत नाही."

आता त्यांनी वर बघितलं. मग वहीतला एक शेरा वाचला. "'मूल गप्प असतं तेव्हा ते विचार करत असतं.'" पान उलटलं. "'फळा पुसण्याआधी शेवटच्या रांगेकडे बघा.'" पुन्हा पान. त्या वाचत राहिल्या आणि मी माझीच वाक्यं परक्या आवाजात ऐकत राहिले. इतकं सगळं मी म्हणाले होते?

"शेरे देणारी ही बाई आजवर होती कुठे?"

"पहिलीच्या वर्गात, मॅडम."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी अगदी शेवटचं पान काढलं. मी नजर जमिनीवर खिळवली. फरशीवर शाईचा एक जुना डाग होता, तो मला अजून आठवतो.

"पाठ क्रमांक एकेचाळीस. शेऱ्याचा रकाना कोरा. मार्गदर्शकाने शेरा न देता वही जमा करणं ही त्रुटी आहे."

"मी... मी तो वाचलेला नाही, मॅडम."

"मी वाचलाय." पंखा घरघरत होता. "निवड चाळीस पाठांवरून झाली आहे. जानेवारीपासून तुम्ही रुजू व्हा, वर्ग तुमचाच राहील. एकेचाळिसाव्याशी कार्यालयाचा संबंध नाही." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "पण शेरा द्या, बाई. विद्यार्थी ताटकळलाय."

छातीवरून कुणीतरी जातं उचलून घ्यावं, तसं झालं. कार्यालयाच्या पायरीवर, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, मी बसूनच घेतलं आणि पान उघडलं.

'पाठ क्रमांक: ४१
विषय: निलोफर
उद्दिष्ट: खरं ते सांगणे.
साहित्य: एक बटन. (दर शुक्रवारी मीच तोडतो.)
पूर्वज्ञान: विद्यार्थ्याला आजवर नुसती उत्तरं येत होती. थांबणं तुम्ही शिकवलंत.
प्रश्न: माझ्याशी लग्न कराल?
सूचना: मोजतोय. पाचशेपर्यंतसुद्धा मोजीन.'

मी अब्बांच्या दुकानाकडे चालत निघाले. चालत कसली!

बाकावर तो बसलेला होता. आज शनिवार नव्हता. मला बघून धडपडत उठला. "मी फक्त निकाल विचारायला... लगेच जातो. मिळालं?"

"मिळालं. वर्ग माझाच राहिला."

त्याने डोळे मिटले आणि फाट्यावर वही कोरडी निघाल्यावर सोडला होता तसाच श्वास सोडला. मग म्हणाला, "बास. आता मला कितीही रागवा."

मी अब्बांच्या गल्ल्याजवळचं लाल पेन उचललं, बाकावर बसले आणि वही उघडली. तो लगेच वाकला.

"थांबा," मी म्हणाले. "पाच मोजा."

"आत्ता?"

"मनात!"

त्याचे ओठ हलू लागले. अब्बांनी मशीन थांबवलं आणि आतूनच, मोठ्याने, "येक... दोन..." सुरू केलं. माझं अक्षर हसण्याने थरथरत होतं. चारवर मी वही त्याच्याकडे फिरवली.

'उद्दिष्ट साध्य. रविवारी घरच्यांना घेऊन अब्बांकडे यावे. बटन तोडू नये.'

त्याने ते वाचलं. परत वाचलं. काही बोलायला तोंड उघडलं... आणि आयुष्यात पहिल्यांदाच, घाई न करता, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मग त्याने वही हळूच मिटली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि शर्टाच्या आत, छातीशी ठेवली.

बाहेर लख्ख ऊन होतं.