साडेचार बोटांची साल

"सकाळी सहाला बैलगाडीतून प्रस्थान. साडेआठला कैनाडच्या पुढचा ओढा. तिथे आंघोळ."

"जानेवारीत ओढ्यावर आंघोळ?" जमुना म्हणाली. "ती तू एकटाच कर."

सदानंद तिचा चुलतभाऊ, आणि सातवीत तिच्याच वर्गातला. वहीत वेळापत्रक लिहून काढल्याशिवाय या गड्याला अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नसे. त्याने आंघोळ खोडली नाही, नुसती कंसात टाकली आणि पुढे वाचू लागला. "नऊला डोंगर चढणे. अकराला वाघदेवाची राई. एकला शुक्रीच्या घरी भाकरी आणि भिंतीवर चितारलेला लग्नाचा चौक बघणे. सहाला परत डहाणू."

जमुना ऐकता ऐकता लांब काठीने हंडा ढवळत होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. नायलॉनची जाळी अजून त्यांच्या किनाऱ्यावर आली नव्हती. ऐनाच्या झाडाची साल उकळायची आणि त्या लाल काढ्यात सुती जाळी बुडवायची, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. ही साल दर हिवाळ्यात शुक्रीची आई पुतळी आणायची. कैनाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा वारल्यांचा पाडा होता. पुतळी सालीचा भारा टाकायची आणि सुक्या बोंबलांचा भारा उचलायची. पावसाळ्यात त्यांच्या भाकरीला तेवढाच आधार. दोघींच्या आज्यांपासून हे चालत आलं होतं, आणि त्यातूनच जमुना-शुक्रीची मैत्री जुळली होती.

वेळापत्रक संपतं न संपतं तोच पुतळी आणि शुक्री अंगणात आल्या. दोघींच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"या सालाला साल नाय मिळाची," पुतळी ओट्याला टेकत म्हणाली. "डोंगरावर वाघ आलाय. लाकडाच्या ठेकेदाराच्या मुकादमानं बघितला म्हणं. गार्डानं वाट बंद केली. महिना झाला, पाड्यातला कोण वर गेला नाय."

जमुनाचे बाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली. "झालं! सद्या, मीट ती वही. सहल रद्द." मग ते पुतळीला म्हणाले, "मी यंदा साल बाजारातून घेतली, पुतळीबाय. त्याच मुकादमाने गाडीभर आणून टाकली, आणि स्वस्तात. आता बोंबील कशाच्या बदल्यात देऊ, सांग."

बोंबील बांधायला आणलेलं फडकं पुतळीने घडी घालून काखेत धरलं. जमुनाला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

रागारागाने तिने ढिगातली एक साल उचलली आणि हंड्यात टाकायला हात उगारला. शुक्रीने तो वरच्यावर पकडला.

"थांब! ही कुठून आली?"

मगरीच्या पाठीसारखी खडबडीत, जाड साल. तिच्यावर शेंदराने ओढलेले पाच पट्टे होते. चार लांब, आणि मधला निम्माच.

"आमच्या पाड्यातल्या जिव्या आजाची बोटं," शुक्री पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाली. "दर दिवाळीत वाघबारशीला आजा वाघदेवामागच्या ऐनाला शेंदूर लावतो. त्याचं मधलं बोट विळ्यानं अर्धं गेलंय. ही देवाच्या झाडाची साल हाय! ते झाड कोणीतरी तोडलं."

"शेंदूर कसला, गेरू असेल," बाबा म्हणाले. स्वस्तात मिळालेल्या मालाची चौकशी करायला कोणाला आवडतं?

"बाबा, डोंगर वाघामुळे बंद, मग मुकादमाला तिथली साल मिळाली कशी? वाघाने सोलून दिली?"

"तोंड वर करून बोलू नकोस. मोठ्यांच्या गोष्टी मोठे बघतील."

मोठे काहीच बघणार नव्हते, हे जमुनाला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ती शुक्रीला घेऊन माडाखाली गेली. सदानंदही वही घेऊन मागोमाग आला.

"तुम्ही वाघाचा आवाज ऐकलात?" जमुनाने शुक्रीला विचारलं.

"रोज ऐकतो. दुपारी ओरडतो. फक्त बाजाराच्या दिवशी नाय."

"म्हणजे वाघ बाजाराला जातो?" सदानंद म्हणाला, आणि तिघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

"रविवारी निघायचं," जमुना म्हणाली. "वेळापत्रक तेच. आंघोळ सोडून."

बाबांनी शुक्रीच्या पाड्यापर्यंत जायला परवानगी दिली. "पण डोंगरावर पाय ठेवायचा नाही," असं त्यांनी तीनदा बजावलं. जमुना एकदाही हो म्हणाली नाही. खोटं बोलायचं नाही आणि ऐकायचंही नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

रविवारी डोंगराच्या वाटेवर जंगलखात्याचा गार्ड काठी आडवी टाकून बसला होता. तो बिचारा खरोखरच वाघाला घाबरत होता, म्हणून तर एका महिन्यात एकदाही वर गेला नव्हता. शुक्रीने दोघांना वाटेने नेलंच नाही. आटलेल्या ओहोळाच्या दगडांवरून, कमरेएवढ्या वाळल्या गवताच्या आडून तिघं वर चढली. जमुनाच्या पाठीला फडक्यात बांधलेली साल होती आणि सदानंदच्या खांद्याला फिरकीचा तांब्या. हवा गार होती, तरी त्याला दरदरून घाम फुटला होता.

"पायांचे ठसे दिसले तर मी परत फिरणार," तो कुजबुजला.

ठसे दिसले, पण पलीकडून वर आलेल्या बैलगाडीच्या चाकांचे. आणि वर झाडांवर वानरं निवांत पाला खात बसली होती.

"वाघ जवळ असता तं यांनी सगळा डोंगर डोक्यावर घेतला असता," शुक्री म्हणाली.

इतक्यात डरकाळी ऐकू आली. घशातून ओढलेली, घरघरती आणि अगदी जवळ! सदानंद गवतात आडवाच झाला. जमुनाही दगडाआड दबली. पण वानरांनी पाला खायचं थांबवलं नाही. शुक्रीने गवत बाजूला करून पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

खडकामागे एक माणूस मांडीत मडकं धरून बसला होता. मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं होतं आणि त्यातून एक दोरी ओवलेली होती. तो दोरी ओढी आणि मडकं डरकाळी फोडी.

"डुक्कर हाकायचं मडकं," शुक्री दात-ओठ खात म्हणाली. "आमच्या शेतातसुद्धा होतं. महिनाभर आम्ही याला भ्यालो!"

डरकाळी देऊन झाल्यावर त्या माणसाने मडकं खडकावर ठेवलं, भाकरीचं फडकं काढलं आणि तो ओढ्याकडे उतरला. तिघं पुढे सरकली आणि राईच्या कडेशी येऊन थबकली.

राई निम्मीही उरली नव्हती. अकरा ऐन पडले होते. लाकूडतोडे आणि मुकादम दोन गाड्या भरत होते. पाड्यातला माणूस या झाडांना हात लावणार नाही, म्हणून हे सगळे दूरगावाहून आणलेले. मधोमध वाघदेवाची शेंदरी फळी उन्हात उघडी पडली होती, आणि तिच्यामागे नुसता एक बुंधा होता. शुक्री रडली नाही. ती त्या बुंध्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "गार्डाला सांगू."

"तो वर येणार नाही. घाबरतो ना," सदानंद म्हणाला. "आणि तोवर गाड्या पलीकडून उतरतील."

जमुनाने खडकावरच्या मडक्याकडे पाहिलं. "गार्ड वर येत नसेल, तर यांना खाली पाठवू. शुक्री, यांचा वाघ रोज खालच्या बाजूने ओरडतो ना? आज वरच्या बाजूने ओरडला तर?"

शुक्रीचे डोळे चमकले. तिने अलगद मडकं उचललं. तिघं वळसा घालून राईच्या वर, करवंदीच्या जाळीत शिरली.

"दोरी सुकली. ओली केल्याबिगर आवाज नाय निघाचा."

सदानंदने मुकाट्याने तांब्याची फिरकी काढली. वेळापत्रकात ते पाणी दुपारी एकसाठी होतं.

शुक्रीने दोरी भिजवली, मडकं पोटाशी घट्ट धरलं आणि महिनाभराचा सगळा राग त्या दोरीत ओतला. अशी डरकाळी उठली की खालच्या कुऱ्हाडी थांबल्या.

"आपला माणूस तर खाली आहे," कोणीतरी म्हणालं. "मग हा कोण?"

शुक्रीने पुन्हा दोरी ओढली. जमुना आणि सदानंदने जाळी गदागदा हलवली. मग काय विचारता! कुऱ्हाडी पडल्या, पागोटी उडाली, आणि मुकादम सगळ्यांच्या पुढे धावत सुटला. समोरच पाड्याची वाट होती. धापा टाकत तो थेट गार्डाच्या अंगावर जाऊन आदळला.

"वाघ! वाघ आला!"

"ते तर तुम्हीच महिन्यापूर्वी कळवलंत," गार्ड म्हणाला. "म्हणून तर डोंगर बंद आहे. मग तुम्ही वर काय करत होतात?"

गलका ऐकून पाडा गोळा झाला, आणि तेवढ्यात तिन्ही मुलं मडकं घेऊन वाटेने उतरली. शुक्रीने सगळ्यांसमोर दोरी ओढून वाघ ऐकवला. बाया आधी दचकल्या आणि मग मुकादमाकडे अशा पाहू लागल्या की तो गार्डाच्या आड सरकला.

"पोरं खोटं बोलतात," तो म्हणाला. "आम्ही वाळलेली चार लाकडं उचलली फक्त."

जमुनाने फडकं सोडलं. साल जिव्या आजासमोर ठेवली. म्हातारा खाली बसला आणि त्याने आपला हात सालीवर ठेवला. चार बोटं चार पट्ट्यांवर बसली, अर्धं बोट अर्ध्यावर.

"ही साल यानेच माझ्या बाबांना विकली," जमुना म्हणाली. "झाडं तर चोरलीच, वर सालही फुकट घालवायची नव्हती यांना."

गार्ड मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने मुकादमाचं मनगट धरलं आणि पाड्यातल्या दोन तरुणांना गाड्यांवर पहारा करायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रेंजर साहेब आले. त्यांनी लाकडं जप्त केली, ठेकेदाराचा परवाना काढून घेतला आणि डोंगर पाड्याला मोकळा केला. "माझ्या खात्याने महिनाभर जे पाहिलं नाही, ते या मुलांनी एका सहलीत पाहिलं," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. सदानंदने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी बाजारातली उरलेली साल गाडीत भरून रेंजर साहेबांकडे पोचवली आणि बोंबलांचा भारा बांधायला घेतला.

"साल अजून यायची आहे, बाबा," जमुना म्हणाली.

"येईल तेव्हा येईल. पुतळीबायला मी तोंड कसं दाखवू ते सांग." मग खाली बघतच ते म्हणाले, "डोंगरावर जाऊ नको म्हणालो होतो मी. चुकलो. पण पुढच्या वेळी सांगून जा. मीही येईन."

पुढच्या रविवारी ते खरोखर आले, भारा स्वतःच्या खांद्यावर घेऊन. सदानंदने वेळापत्रक पाळलं, कंसातल्या आंघोळीसकट. आंघोळीनंतर तो तासभर कुडकुडत होता.

वर सगळा पाडा जमला होता. वाघदेवाजवळ उभ्या राहिलेल्या ऐनांपैकी एक जिव्या आजाने निवडला. शेंदराची वाटी हातात घेतली आणि तो थांबला.

"शेंदूर लावाचं माझं काम," आजा म्हणाला. "पण देवाचं झाड पडलं तवा मी घरात भिऊन बसलो होतो. ही पोरं वर आली."

त्याने वाटी पुढे केली. शुक्रीने चार बोटं बुडवून खोडावर ओढली. मधली जागा तिने तशीच रिकामी ठेवली आणि जमुनाकडे पाहिलं. जमुनाने बोट शेंदरात बुडवलं, सालीवर टेकवलं आणि निम्म्यावरच उचललं.