खालची पट्टी भरेपर्यंत

दारू पिऊन? दाजी दारू पिऊन छपरावर बडबडत होते म्हणे! अरे दुकानदारा, तुझ्या जिभेला काही हाड? एका छत्रीला अख्खी संध्याकाळ लागली म्हणून माणूस दारुडा ठरतो का? समोर असतास तर गल्ल्यावरून खाली ओढला असता तुला.

जाऊ दे. तो इथं नाही, तुम्ही आहात. दिवे गेलेत, येईपर्यंत बसा आणि ऐका. मध्ये कोणी हसलं तर उठून जाईन, सांगून ठेवतो.

तुमच्या आत्याचा नवरा, म्हणजे माझे दाजी, टीव्हीच्या छत्र्या बसवतात. ते ठाऊक आहे तुम्हाला. पण ते आणि आत्या मिळून कसं काम करायचे ते तुम्ही पाहिलेलं नाही. एक जण वर, पाना घेऊन. एक जण खाली, टीव्हीपुढं. पडद्यावर दोन पट्ट्या येतात. वरची सांगते सिग्नल किती जोराचा, खालची सांगते किती साफ. वरच्यानं छत्री फिरवायची, खालच्यानं ओरडायचं. दाजींसाठी खाली बसायची ती माझी धाकटी बहीण. गाडीवर मागं बसून घरोघरी जायची.

कोणी म्हणालं, सिग्नल मोजायचा एक मीटर घेऊन टाका की, तर दाजी म्हणायचे, "आहे ना. माझा मीटर स्वयंपाकही करतो."

ही लगेच, "घरात कधी माझं ऐकता? छपरावर चढलात की बरं ऐकू येतं. वरच राहत जा."

आणि एक ठरलेलं बोलणं होतं तिचं. "वरची लबाड आहे हो, तिच्या नादी लागू नका. खालची भरू द्या." खरंच आहे ते. छत्रीचं तोंड भलतीकडं असलं तरी वरची पट्टी कधी कधी टम्म भरते. चित्र मात्र दिसत नाही. नवा माणूस तिथंच फसतो.

मग तिला खोकला लागला. आज जाईल, उद्या जाईल म्हणत छातीत उतरला. एका सकाळी म्हणाली, "आज एकटेच जा." दाजी गेले. ते कोणाच्या तरी छपरावर असताना इकडं सगळं आटोपलं. फोन मीच केला. पाना हातात घेऊनच आला माणूस घरी. निरोप नाही, काही नाही. आज एकटेच जा. एवढंच.

त्यानंतर त्यांनी मीटर घेतला. खिशात मावणारा. सिग्नल सापडला की शिट्टी मारतो. कामं व्हायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही.

आता ऐका. गेल्या जानेवारीतला दुसरा शुक्रवार. नुकतं अंधारलं होतं. रस्त्याच्या टोकाला ती ठार बहिरी म्हातारी राहते ना, एकटी, तिच्या टीव्हीचं चित्र आठवडाभर फुटत होतं. चौकोन चौकोन व्हायचे, मग निळा पडदा. बिचारीला आवाज लागत नाही, चित्र तेवढं लागतं. दाजी गेले तेव्हा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. गुडघे गेलेत तिचे, खाट सोडवत नाही. यांनी रिमोटनं पट्ट्यांचं पान लावलं, शिडी टेकवली आणि वर गेले.

आधी वायर बघितली. टोक गंजलं होतं. तेवढं कापलं, नवं सोलून बसवलं. मग छत्री. वाऱ्यानं बोल्ट ढिला होऊन तोंड खाली पडलं होतं. मीटर लावला, तर तो मेलेला. सेल संपलेला. म्हणजे आता जरा फिरवा, खाली उतरा, बघा, परत चढा. दाजींनी एक शिवी हासडली आणि छत्रीला हात घातला.

खालून आवाज आला. "अजून थोडं."

त्यांना वाटलं, शेजारची कोणी बाई आली असेल. फिरवली.

"अजून… अजून… गेलं! घ्या मागं. केसभर."

घेतली मागं.

"वरची भरलीय. तिच्या नादी लागू नका."

दाजींचा हात थांबला.

खाली वाकलं की खिडकी दिसत होती. खिडकीत टीव्हीचा निळा उजेड. वाकून बघायचं, बस. नाही बघितलं. मला म्हणाले, "बघितलं असतं, आणि कोणी नसतं तर?"

"अगं…" हाक मारली.

काही नाही.

"जेवलीस का?"

काही नाही. वारा तेवढा.

छत्री हलवली.

"केसभर पुढं."

कळलं त्यांना. छत्री हलली की बोलते. नाहीतर नाही.

फिरवली. "आलं! भरली खालची. करा घट्ट."

झालं होतं काम. बोल्ट पिळायचा आणि उतरायचं. आणि या माणसानं काय केलं? मुद्दाम फिरवली परत.

"गेलं की हो."

आणली जागेवर.

"आलं."

परत फिरवली. परत आणली. गेलं… आलं… गेलं… हात बधिर झाले थंडीनं. हसत होते म्हणे. रडतही होते. दुकानदारानं रस्त्यावरून पाहिलं ते हे. म्हणे छपरावर झिंगून एकटाच बडबडतोय!

मग खालून खोकला आला.

तोच. छातीतला.

"आलं…" खोकला. "गेलं…" खोकला. आवाज बारीक होत चाललेला.

दाजींनी अजून एकदा फिरवली. एकदाच.

"अहो… बसवत नाही हो मला आता."

मग आणली त्यांनी जागेवर. नीट. केसभर मागं.

"भरली."

बोल्टला पाना लावला. पिळला. शेवटचा आटा… घट्ट.

"उतरा आता. सावकाश."

नंतर काही नाही. किती वेळ वाट पाहिली त्यांनी.



खाली आले. म्हातारी तशीच झोपलेली, भिंतीकडं तोंड. पडद्यावर खालची पट्टी भरलेली. चढताना त्यांनी पाहिलं होतं, टीव्हीच्या काचेवर धुळीचा थर होता, सगळीकडं सारखा. आता त्या थरात, अगदी खालच्या पट्टीवरच, बोटानं ओढलेली रेघ होती. पट्टी मागंपुढं होईल तसं कोणीतरी बोट फिरवलेलं. इतक्यांदा, की तेवढी काच लख्ख झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन आलो. पाहिली. मी भांडायला कोणाला भीत नाही, पण त्या काचेवर फडकं मारायला माझा हात उठला नाही.

आणि दुकानदाराचं ते बोलणं घरी आणलंस तो तू, हो, तूच, खाली मान घालून बसू नकोस. उद्या सकाळी दाजी आपल्या छत्रीसाठी येतायत. फोनवर म्हणाले, मीटर बिघडलाय. काही बिघडलेला नाही, परवाच शिट्टी मारताना मी ऐकलाय. ते वर चढले की तू टीव्हीपुढं बसायचं. तोंड मिटायचं नाही. मोठ्यानं ओरड, त्यांना दुसरं काही ऐकायला जागाच ठेवू नकोस. तुझ्या आत्याला आता बसवत नाही. खालची पट्टी भरली की बोल्ट घट्ट करायला लाव, आणि हाताला धरून खाली आण त्यांना.