दोन डाव्या बाजू

“क्लॅम्प आहेत का?”

दार उघडणाऱ्याला मी साधं ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. वेळच नव्हता. खाली माझ्या गॅरेजमध्ये लाकूड चिकटवायला कालवलेली इपॉक्सी डब्यात गरम व्हायला लागली होती, आणि ती एकदा तापली की बघता बघता दगड होते. दोन फळ्यांचा सांधा अजून सुटा होता, माझे क्लॅम्प संपले होते. अशा वेळी आमच्या केरीज बे खाडीत सगळ्यात जवळचं दार ठोठावतात. ते म्हणजे टेकडीवरचं हे पिवळं घर, आणि त्यात नुकताच राहायला आलेला हा शिक्षक.

त्याच्या केसांना शाम्पूचा फेस होता. खांद्यावर टॉवेल.

“क्लॅम्प... म्हणजे?”

“लाकडाला लाकूड धरून ठेवील असं काहीही! पटकन!”

तो आत पळाला. बाहेर आला तेव्हा हातात कपड्यांचे चिमटे होते, एक पक्कड होती आणि गिटारच्या मानेला लावायचा चाप. मी काही बोलायच्या आत तो उतारावरून धावत सुटला – अनवाणी, जुलैच्या त्या गारठ्यात. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा.

सांधा बसला. चापानं तर माझ्या महागड्या क्लॅम्पपेक्षा घट्ट धरलं. तो भिंतीवरच्या होडीच्या आराखड्याकडे बघत उभा राहिला. फेस आता कानामागून ओघळत होता.

“होडी बांधतेयस? एकटी?”

“एकटी.” हा शब्द मी जरा जोरातच म्हटला. धक्क्यावरच्या होड्यांच्या क्लबची चावी सांभाळणारा मर्व सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता, “पोरी, कागद बघून केक होतो, होडी नाही.” मी तिथेच सांगून टाकलं होतं की वसंतात, म्हणजे सप्टेंबरात, माझी होडी पाण्यात उतरेल, आणि ती मी एकटीनं बांधलेली असेल. तेव्हापासून दुकानात दूध घ्यायला गेलं तरी लोक विचारायचे, एकटीची होडी कुठवर आली?

“मी रावीरी,” तो म्हणाला. “आणि मी हात लावला हे कुणाला सांगणार नाही, पण तुझा तो चाप मला परत हवाय. त्याला सोडवायला शनिवारी येऊ?”

“चाप तुझा आहे. माझा नाही.”

“मग तर यायलाच पाहिजे.”

तो शनिवारी आला. पुढच्या शनिवारीही... गरम चीज रोलची पिशवी घेऊन, वरचं लोणी अजून वितळत असताना. मी बंदराच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. मोजणं हा माझा स्वभावच. रावीरी डोळ्यांनी मोजायचा. “एवढुसं कमी कर,” म्हणायचा, आणि बोटांच्या चिमटीत ते एवढुसं दाखवायचा. मी पट्टी लावून बघायचे. बहुतेक वेळा त्याचं चुकलेलंच असायचं. मला ते फार आवडायचं.

थंडीत इपॉक्सी वाळत नाही, म्हणून काम संपलं की मी माझी विजेवर तापणारी चादर फळ्यांवर पसरायचे. तो दाराशी थबकून बघायचा.

“हिला पांघरूण घालतेस. आणि मी वर कुडकुडत झोपतो.”

“तूही चिकटवून घे स्वतःला कशाला तरी. मग बघू.”

“कशाला तरी... की कुणाला तरी?”

मी दिवा बंद केला. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून.

त्याचं इथलं काम तात्पुरतं होतं, हे त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. ऑक्टोबरात तो रकिउरा बेटावर जाणार होता. तिथे त्याची आजी होती, आणि मूठभर मुलांची शाळा शिक्षकाची वाट बघत होती. मी ते ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा कधी त्यावर बोलले नाही.

मग बाजूंची वेळ आली. होडीच्या दोन्ही बाजू म्हणजे प्लायवुडचे दोन लांब, अगदी सारखे तुकडे. प्रत्येकाच्या आतल्या अंगाला खालच्या कडेनं एक पट्टी चिकटवायची. पट्टी कुठल्या अंगाला बसते, त्यावर डावी बाजू आणि उजवी बाजू ठरते. त्या दिवशी तो तुकडे धरत होता, मी इपॉक्सी लावत होते, आणि आम्ही कशावरून तरी इतकं हसत होतो की...

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या. दोन्ही डाव्या.

दोन डावे बूट असावेत तशा. मी खालीच बसले. रावीरी मागे उभा होता. तो हसला नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं.

“टेसा... मला काल दिसलं होतं.”

“काय?”

“दुसरा तुकडा उलटा पडलाय ते. ओलं होतं तेव्हाच.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“बोललो असतो तर होडी वेळेवर झाली असती.” तो नजर चुकवत होता. “मग शनिवारी यायला मला काही कारण उरलं नसतं.”

गोड वाटायला हवं होतं. पण मला फक्त ती पट्टी दिसत होती, आणि मर्वचं हसू. “माझी होडी बिघडवलीस,” मी म्हणाले, “स्वतःच्या करमणुकीसाठी. जा इथून.”

तो गेला.

सोमवारी मी कामावरून परतले, तर गॅरेजच्या पत्र्याखाली तो बसला होता. चुकीची बाजू मांडीवर आडवी, हातात पटाशी. तो पट्टी सोलून काढत होता, धीरानं, प्लायवुडला ओरखडा न पाडता. वरून दक्षिणेचा गार पाऊस येत होता. मी शेजारून आत गेले. दार लावून घेतलं. मंगळवारीही तेच. बुधवारी माझ्यानं राहवलं नाही. मी चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला.

“साखर नाही घातली,” मी म्हणाले. “शिक्षा म्हणून.”

“मी बिनसाखरेचाच पितो.”

“माहीतेय.”

तो वर बघून हसला, आणि मला उगाचच दारातली माती झाडावीशी वाटली.

“रावीरी, यायला तुला कारण लागतं?” मी केरसुणीकडे बघत विचारलं.

“आता नाही,” तो हळूच म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होडी पाण्याशी आली. धक्क्यावर अर्धा गाव. रावीरीची रकिउराला जायची बोट मंगळवारची होती, आणि जे बोलायचं ते मी अजून बोलले नव्हते. रोज ठरवायचे आणि रोज काचपेपर घासत बसायचे.

मर्वनं होडीभोवती फेरी मारली, सांध्यांवर अंगठा फिरवला. “केक बरा झालाय,” म्हणाला. मग सगळ्यांना मागे सारलं. आमच्या खाडीचा रिवाज आहे: नव्या होडीची पहिली फेरी बांधणाऱ्यानं एकट्यानं मारायची. बुडालीच, तर ज्यानं बांधली त्यानंच भिजावं.

“चल, एकटीनं बांधलीस ना? चढ,” मर्व म्हणाला.

रावीरी दोर सोडून गर्दीत मागे सरकला. त्याला तो रिवाज मान्य होता. इतक्या महिन्यांत त्यानं कुणापाशी एक शब्द काढला नव्हता. माझं ‘एकटी’ त्यानं जपलं होतं.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. एवढे दिवस ज्या शब्दासाठी भांडले, तो आता नुसता गार लागत होता.

“मर्व, बांधणारे दोघं आहेत.”

“म्हणजे?”

“तो तिथे लपलाय तो. अर्धी त्यानं बांधलीय. थोडी बिघडवलीय पण.”

सगळ्या माना वळल्या. रावीरी कानापर्यंत लाल झाला. “टेसा, उगाच–”

“बूट काढ आणि ये. भिजायचं असेल तर दोघांनी भिजायचं.”

तो आला. होडी त्याच्या वजनानं जरा कलली, मग सावरली. मी शीड ओढलं, वारा भरला, आणि धक्का मागे पडत गेला.



“मला वाटलं, जाऊ नको म्हणशील,” तो म्हणाला.

“नाही म्हणणार. तुझी आजी आहे तिथे. मुलं आहेत. जा तू.” मी सुकाणू सरळ धरून ठेवलं. “मी नाताळात येईन. बोटीत उलट्या करत येईन, पण येईन. कारण तू मला... आवडतोस.”

“किती?”

“मोजलं नाही.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वाऱ्याकडे बघायचं विसरले. शीड फाडकन दुसरीकडे वळलं, शिडाची आडवी काठी डोक्यावरून गेली आणि आम्ही दोघं एकदमच होडीच्या तळाशी वाकलो – नाकाला नाक लागेल इतके जवळ. धक्क्यावरून मर्व ओरडला, “अरे, सुकाणू कोण धरतंय?”

कुणीच नाही. होडी आपली आपण चालली होती.