आत्याचा चढा सूर

धुक्यामुळे पुढचा रस्ता बंद झाला आणि आम्ही त्या गावात अर्धा दिवस आधी पोचलो. नाहीतर तो मला भेटलाच नसता. मग वहिनीला मला चिडवायला दुसरा विषय शोधावा लागला असता, एवढंच – असं मी तेव्हा म्हणाले असते. आता म्हणवत नाही.

सभागृहाचं दार नुसतं लोटलेलं होतं. भर दुपारी आत काळोख, ओल्या पडद्यांचा वास, आणि एकच सूर. टंऽऽ... थांबायचा. पुन्हा टंऽऽ... रिकाम्या खुर्च्या रांगेने कान देऊन बसल्यासारख्या वाटत होत्या.

मंचावर पियानोचं झाकण उघडं होतं आणि आत एक तरुण खांद्यापर्यंत बुडालेला. हातात तारा पिळायचा पाना. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी पायरीवर बसले, पेटी उघडली आणि दमट हवेने अकॉर्डियनचा भाता जड झालाय का ते बघायला बोट टेकवलं. वाद्यं जुळवताना जो सूर सगळ्यांत आधी देतात, त्याच पट्टीवर.

दोन सूर एकमेकांत मिसळले. त्याचा कुठला, माझा कुठला, सांगता येईना.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण हे शक्यच नव्हतं. सगळ्या जगाची वाद्यं एका ठरलेल्या सुराला लावतात. आमचं अकॉर्डियन त्याहून केसभर चढं. ते आत्याचं, फार जुनं. व्हायोलिनच्या तारा चढवता येतात, ढोल ताणता येतो, गळाही मागून येतो. पण पियानो कोण आमच्यासाठी चढवणार? म्हणून आमचा लोकगीतांचा बँड पियानोच्या वाटेला कधी गेलाच नाही.

त्याने दचकून डोकं बाहेर काढलं आणि ते झाकणावर आपटलं. चेहरा पांढराफटक. डावा तळहात कानावर.

"थांबू नका," तो म्हणाला.

"अं?"

"तोच सूर... धरून ठेवा. प्लीज."

मी भात्यातली हवा संपेपर्यंत धरला. तो डोळे मिटून उभा होता. दुखरी दाढ ठणकायची थांबली की माणसाचा चेहरा होतो ना, तसा झाला होता.

"तुम्ही पियानो चुकीचा लावलाय," मी म्हटलं. "केसभर चढा."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय... तुमचाही चढाच आहे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

तो हसला. एका बाजूने जरा जास्तच. त्याच्या बोटांवर तारांचे बारीक काप होते, आणि मी त्या बोटांकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग त्याने हळूच विचारलं, "ह्यावर आधी एक बाई वाजवायच्या ना?"

माझा भाता तसाच उघडा राहिला. तुम्हाला कसं माहीत, हे विचारेपर्यंत बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि पिशवी उचलून तो धुक्यात पळाला.

त्या संध्याकाळी आम्ही वाजवत होतो. मी तो सूर धरला, आणि कोपऱ्यातला बंद पियानो आतून गुणगुणला. सारख्या सुराच्या तारा एकमेकींना साद देतात, हे मला माहीत आहे. तरी पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या, आणि बाबांचा ढोलावरचा हात चुकला. बाबांचा हात कधी चुकत नाही.

आमचा बँड म्हणजे घरचीच माणसं. बाबा ढोल वाजवतात आणि गाडी चालवतात. दादाचं व्हायोलिन, वहिनीचा गळा. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की महिनाभर आम्ही गाडीतच राहतो म्हणा ना. आज हे गाव, उद्या ते. पुढच्या गावात गेलो, तर तिथलाही पियानो आमच्या सुरात. त्याच्या पुढच्या गावातही. रखवालदारीण वैतागून सांगत होती, "परवा तो माणूस येऊन लावून गेला. आता आमच्या गाण्याच्या मास्तरांशी जुळतच नाही. कुणासाठी लावलाय, देव जाणे."

"आमच्या नणंदबाईंसाठी," वहिनी माझ्या कानाशी म्हणाली. "कुणी फुलं पाठवतं, कुणी पियानो लावून जातं."

मी हसले, पण मला भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, प्रत्येक सभागृहाचं दार ढकलताना आत तो असावा असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं. मला आधी माहीत नव्हतं.

बाबांनी मात्र मनाशी काहीतरी ठरवलं होतं. गेल्या मोसमाच्या शेवटच्या कार्यक्रमात, शेवटच्या गाण्यात, आत्या खुर्चीतच कलंडली. तिचं हृदय बंद पडलं. पण बोट पट्टीवर अडकून राहिलं, आणि भाता स्वतःच्या वजनाने हळूहळू उघडत गेला. आत्या गेली होती आणि तिचा सूर वाजत होता. लोक उभे राहिले, कुणी किंचाळलं, तरी वाजत होता. हवा संपेपर्यंत. यंदाही शेवटचा कार्यक्रम तिथेच होता, आणि ह्या वेळी पहिल्यांदाच शंभर मुलांच्या गाण्यासोबत आणि पियानोसोबत.

"अकॉर्डियन उतरवून घेऊ," बाबा जेवताना म्हणाले. "जगाच्या सुरात आणू."

"बाबा, त्यासाठी आतल्या सूर देणाऱ्या पोलादी जिभा खरवडाव्या लागतात. एकदा खरवडलेलं पोलाद परत चिकटत नाही."

"म्हणूनच. मला तो सूर पुन्हा ऐकायचा नाही."

आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. तिचे कपडे वाटून टाकले, खोली दुसऱ्याला दिली. तिचं म्हणून उरलेलं होतं ते एवढंच, केसभर. मी मूग गिळून बसले, कारण बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला होता.

शेवटच्या कार्यक्रमाला तीन दिवस राहिले, तेव्हा बाबांनी बोलावलेला कारागीर लॉजच्या जेवणघरात येऊन उभा राहिला. बाहेर रिपरिप पाऊस. केसांवर थेंब, हातात तीच पिशवी. दादाने त्याच क्षणी त्याचं 'सूरवाला' असं बारसं केलं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं की हे काम तुमचं असणार... आणि नसावं, असंही वाटत होतं."

बाबा खोलीत गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी तो पडद्यामागे होता. दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमासाठी तिथला पियानो लावायला आला होता. "तो सूर मी शेवटपर्यंत ऐकला. हवा संपली, सगळ्यांसाठी थांबला... माझ्यासाठी थांबलाच नाही. ह्या कानात. वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहे."

"आणि पियानो?"

"तार ओढतो ती त्या सुराकडे जाते. सूर मोजायच्या मशीनची सुई सांगते, चूक. कान म्हणतो, बरोबर. ज्यांच्याकडे कामाला आहे, त्या मालकांनी शेवटची संधी दिलीय." तो टेबलावरच्या पेटीकडे बघत होता. "तुम्ही वाजवलंत तेव्हा पहिल्यांदा थांबला. तेवढ्यापुरता."

मी अकॉर्डियन खांद्यावर घेतलं आणि तो सूर लावला. तो खुर्चीत मागे टेकला. "पाऊस पडतोय," तो म्हणाला, आत्ताच कळल्यासारखा.

बाबांनी त्याला गाडीत घेतलं. दोनशेहून जास्त जिभा, काम तीन दिवसांचं. वहिनी मुद्दाम पुढे जाऊन बसायची, मग मागच्या बाकावर आम्ही दोघं आणि मध्ये पेटी. गाडीला हिसका बसला की बंद पेटीतून उसासा यायचा. आम्ही दोघंही दचकायचो आणि मग एकमेकांवर हसायचो.

"तुमच्या आत्याला मी आवडत नाही, वाटतं."

"आवडत नसतास तर वर्षभर कानात बसली असती?"

'तुम्ही'चं 'तू' झालं ते असं, खड्ड्यात. पुढचे दोन तास तो खिडकीबाहेर बघून हसत होता.

दुपारी लॉजच्या टेबलावर जुना कपडा पसरून तो एकेक जीभ सुईवर तपासून खरवडायचा. मी देत जायची, घेत जायची. बोटाला बोट लागायचं. काम सुरू करण्याआधी मी त्याच्यासाठी तो एक सूर वाजवायची, आणि त्या दोन मिनिटांत तो काय काय ऐकायचा – नळाचं गळणं, जिन्यातली पावलं.

"आणि तुझा श्वास," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "वाजवताना तू श्वास धरतेस. कशाला?"

"कुणी बघतंय म्हणून."

"मग मी तिकडे तोंड करू?"

"मी तसं कुठे म्हटलं..."

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच काम उरलं. त्या पट्टीची जीभ त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. दोन्ही हात टेबलावर ठेवून तो बसला.

"हे तू ठरव," तो म्हणाला. "आत्या तुझी."

"खरवडली तर तुझा कान बरा होईल?"

"होईलही. जगातून गेला तर माझ्यातूनही जाईल, असं कधी कधी वाटतं. किंवा... जाणारच नाही, आणि मग तो थांबवणारं काहीच उरणार नाही."

"तुला काय हवंय?"

त्याने ती जीभ कपड्यावर सरळ ठेवली. "सुरुवातीला नुसती शांतता हवी होती. आता तू थांबवतेस ती शांतता हवी असते. ह्यात कानाचा काही संबंध राहिला नाही, हे मला कळतंय."

मला रडू आलं. आत्या डोळ्यांसमोर होती, आणि हा समोर बसलेला, डोळ्यांखाली वर्षभराची काळी वर्तुळं घेऊन. मेलेल्या माणसाचा सूर जपायचा की जिवंत माणसाची झोप? आत्याला विचारलं असतं तर तिने माझ्याच टाळक्यात मारली असती.

"पाना दे," मी म्हटलं.

"पाना नाही, खरवडणी. तुला जमणार नाही."

"शिकव मग."

त्याने माझा हात धरला. "मुळाशी... हलक्या हाताने. टोकाला लावलंस तर आणखी चढेल." चकचकीत भुगा कपड्यावर पडत राहिला. सुई मधोमध आली. त्या जिभेतून जुनं काही ऐकू येतं का ते मी बघितलं. काही नव्हतं. मी अकॉर्डियनवर डोकं टेकून रडले आणि तो माझ्या पाठीवर हात ठेवून बसला, स्वतःच्या कानात काय चाललंय ते एका शब्दाने न सांगता. मी विचारलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. कानातला सूर अजून होता.

संध्याकाळी मोठं सभागृह भरलं. पियानो सुईवर नेमका लागलेला, शंभर मुलं रांगेत, बाबा ताठ बसलेले. शेवटच्या गाण्यात मी तो सूर धरला. नवा, शहाणा, सगळ्यांशी जुळणारा.

त्याच्या वर, केसभर वर, दुसरा एक वाजत होता.

एखादं मूल चुकतंय, असं वाटलं. मी बोट उचललं. तो थांबला नाही. मुलं गप्प झाली, टाळ्या सुरू झाल्या, तरी थांबला नाही. डाव्या कानात, बारीक, न थरथरणारा.  मी पडद्याकडे बघितलं. तो तिथे उभा होता, दोन्ही हात खाली, डोळे भरलेले, आणि ओठांनी मला सांगत होता: थांबला... थांबला.

मी हसले. भीती वाटत होती, तरी हसले. आत्या कुठेही गेली नव्हती. परक्याकडे वर्षभर राहिली, आता घरी आली होती.

"शांत झालं सगळं," गाडीत बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता. मी हो म्हटलं.

त्याला सांगायचं नाही, हे मी पहाटेपर्यंत ठरवलं. सांगितलं असतं तर तो माझ्याजवळ राहिला असता, पण दयेने, आणि दयेचं मला नको होतं. सकाळी आम्ही धुक्यात सामान चढवत होतो, तेव्हा तो आला.

"मालक खूश आहेत," तो म्हणाला. "पुढच्या सगळ्या सभागृहांचं काम दिलंय. नऊची बस आहे."

"छान. झोप लागली?"

"नाही. एवढ्या शांततेची सवय नाही."

"होईल. निघा आता, बस चुकेल."

"'निघा'? एका रात्रीत पुन्हा 'तुम्ही'?" तो जरा जवळ आला. "तू कान का धरलायस?"

माझा हात झटकन खाली आला. "थंडी आहे."

तो बघत राहिला. जगात बाकी कुणालाही ती सवय कळली नसती. त्याने वर्षभर तेच केलं होतं. त्याचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू बदलला. त्याने पिशवी आमच्या गाडीत ठेवली, माझ्या सामानाला लागून.

"काय करतोयस? बस..."

"जाऊ दे. रात्री कान बरा झाला, आणि पहिला विचार काय आला सांगू? आता हिच्याकडे जायला काही कारणच उरलं नाही. मग लक्षात आलं, कारण लागतंच कुठे?" तो वाकला आणि माझ्या डाव्या कानाशी अगदी हळू म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

सूर थांबला.

गाडीच्या टपावरून गळणारे थेंब ऐकू आले, दादाचा खोकला, पुढच्या बाकावर वहिनीने दाबलेलं हसू, आणि त्याचा श्वास. तो धरून उभा होता.

"थांबला?" त्याने विचारलं.

"नाही," मी धडधडीत खोटं बोलले. "परत एकदा म्हण."