न केलेला चेहरा

"ताटाकडे बघत काय बसलीस? गिळ की," बुससा लेकीवर खेकसली.

"पोट भरलंय, आई."

"कुठे चरून आलीस?"

"कुठे नाही." हिब्ताने भाकरी हलकेच बाजूला सारली. तिच्या तोंडाला भाजलेल्या बदकाचा आणि मधाचा वास येत होता. सणावारीसुद्धा या घरात जवाची भाकरी अन् कांदाच असायचा. बदक कसलं डोंबलाचं?

समोर बसलेल्या तिच्या बापाच्या, लाबाशीच्या हातातला घास हातातच राहिला.

उरुक शहराच्या मोठ्या देवळात नना देवीची नवी मूर्ती गेल्या पौर्णिमेला बसली. ती लाबाशीनेच कोरलेली. देवीचा चेहरा कारागिराला स्वप्नात दिसावा लागतो. याला काही केल्या दिसेना, आणि पुजारी शुमा रोज डोक्यावर येऊन उभा. शेवटी अंगणात चिखलाची भांडी करत बसलेल्या लेकीकडे बघून याने पटाशी चालवली. डावी भुवई किंचित वर चढलेली, तीसुद्धा तशीच उतरली.

मग नदीकाठच्या बागेत शुमाने रीतीप्रमाणे त्याचे हात फडक्याने बांधले, झाऊच्या लाकडी सुरीने तोडल्यासारखे केले आणि शपथ वदवून घेतली. "हे मी केलं नाही. देवांनी केलं." सगळेच कारागीर ही शपथ घेतात आणि सुखाने घरी जाऊन जेवतात. लाबाशीची मात्र बोलताना बोबडी वळली होती. त्यानंतर मूर्तीचं तोंड धुतलं, मंत्र म्हणून ते उघडलं, म्हणजे लाकडात देवी आली, आणि तेव्हापासून देवीला दोन्ही वेळचा नैवेद्य सुरू झाला.

तेव्हापासूनच पोरीची भूक गेली होती.

एका पहाटे ती उठेचना. बुससाने गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात देवळातून देवीला जागवायचं गाणं ऐकू आलं. हिब्ताने शांतपणे डोळे उघडले.

लाबाशी तसाच देवळाकडे पळाला.

"महाराज, तो चेहरा माझ्या पोरीचा आहे. मीच कोरला. शपथ खोटी घेतली मी."

शुमाने आजूबाजूला पाहिलं. "तुझे हात तोडले ना? मग तू काय कोरणार? उद्या देवी नावेतून बाबिलोनला निघतेय. तोंड आवर, लाबाशी."

देवळाच्या अंगणात माणसांची ही गर्दी होती. तिथे उभं राहून लाबाशी 'हे मीच केलं' असं ओरडला असता, तर मूर्ती पुन्हा नुसतं लाकूड झाली असती, आणि पोर कदाचित सुटली असती. पण लोक आपल्याला फाडून खातील, या भीतीने त्याची जीभ रेटली नाही. खाली मान घालून तो घरी आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिब्ता भिंतीशी बसली होती. डुलत होती. सावकाश, एका लयीत.

"ताप नाहीये हिला," बुससा म्हणाली. "अहो, मग असं काय करतेय?"

लाबाशीने लेकीचे खांदे घट्ट धरले. डुलणं थांबेना. त्याचेच हात तिच्याबरोबर हलू लागले.

"हिब्ता. बाळ, मी आहे. बाबा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती.

मग नावेतली देवी काठावर जमलेल्या लोकांना देते तसा, उजवा हात उचलून तिने त्याला आशीर्वाद दिला.